जुन्या कपड्यांचा तंतू ओळखणारा स्कॅनर: पाच महिन्यांच्या वापरानंतर

आमचे केंद्र पुण्याच्या पूर्वेला, हडपसरच्या पुढे, एका पत्र्याच्या शेडमध्ये चालते. गृहसंकुलांतून गोळा झालेले आणि बोहारणींकडून विकत घेतलेले जुने कपडे येथे येतात, नऊ बायका ते निवडतात आणि निवडलेला माल निरनिराळ्या खरेदीदारांकडे जातो. यंदाच्या जूनमध्ये आम्ही कपड्याचा तंतू ओळखणारा, हातात धरण्याजोगा एक स्कॅनर भाड्याने घेतला आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत तो रोज वापरला. असे यंत्र घ्यावे की नाही, अशी विचारणा इतर केंद्रांकडून आणि स्वयंसेवी संस्थांकडून वारंवार होते. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे सांगितलेल्या बहुतेक उणिवा या तत्त्वावर चालणाऱ्या सर्वच यंत्रांना लागू आहेत आणि त्या एकाच कंपनीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

आधी हे सांगायला हवे की असे यंत्र नेमक्या कोणत्या ढिगासाठी लागते. आलेल्या कपड्यांपैकी जे पुन्हा अंगावर घालण्याजोगे असतात ते सर्वांत आधी वेगळे काढले जातात, कारण या व्यवसायाची खरी कमाई त्यांतच आहे आणि बाकीच्या कामाचा खर्चही त्यांच्याच विक्रीतून भागतो. मग उरतो तो फाटलेला, विटलेला, डागाळलेला, ताणून ढगळ झालेला माल. त्यातले मऊ सुती बनियन आणि टी-शर्ट गॅरेजवाले व छापखानेवाले यंत्रे पुसण्यासाठी घेतात, स्वेटर पानिपतच्या व्यापाऱ्याकडे जातात, जरीच्या जुन्या साड्यांना जर गाळणारे गिऱ्हाईक असते, आणि राहिलेले सगळे ‘मिक्स’ या एकाच नावाखाली अगदी कवडीमोलाने उचलले जाते. या ‘मिक्स’मध्ये काय काय असते हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही, पण ते प्रत्येक कपड्यागणिक खात्रीने सांगता येत नव्हते, आणि खरेदीदार पैसे मोजतो ते खात्रीचे.

खात्री का लागते, हे पुढच्या प्रक्रियेवरून समजते. दात असलेल्या फिरत्या रुळांवर कापड फाडून त्याचे तंतू मोकळे करायचे आणि त्यांचे पुन्हा सूत कातायचे, ही यांत्रिक पद्धत झाली. तीत तंतू आखूड होतात, म्हणून आधीच कमी प्रतीचा माल मिसळला गेला तर सूत धरत नाही, आणि सुती तंतूंत पॉलिएस्टर राहिले तर रंगवताना कापसाचा रंग त्यावर चढत नाही व कापडावर ठिपके दिसतात. दुसरी पद्धत रासायनिक आहे. तीत सुती कापड विरघळवून त्याचा लगदा करतात आणि त्यापासून व्हिस्कोजसारखा (म्हणजे रेयॉनच्या जातीचा) नवा तंतू काढतात, किंवा पॉलिएस्टरची साखळी तोडून तिचे मूळ घटक परत मिळवतात. ही पद्धत मालाच्या शुद्धतेबाबत अधिकच काटेकोर असते. आम्ही ज्या खरेदीदाराशी बोलणी केली त्याची अट शंभरात पंच्याण्णव भाग कापूस अशी होती. अशी अट डोळ्यांनी आणि बोटांनी पाळता येत नाही.

यंत्र येण्यापूर्वी आमच्याकडे तीन उपाय होते. पहिला हाताचा: सुती कापड हाताला गार आणि काहीसे कोरडे लागते, पॉलिएस्टर घसरते, रेयॉन ओले केले की दुबळे होते. दुसरा जाळून पाहण्याचा: शिवणीतून दोरा काढून काडी लावली की सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते, पॉलिएस्टर आक्रसून वितळते आणि त्याचा कडक काळा मणी होतो, लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि ज्योत बाजूला केली की विझते. ही परीक्षा चांगली आहे, पण दिवसाला शेकडो कपड्यांवर ती करता येत नाही, कपड्यांच्या ढिगाशेजारी काडी पेटवणे धोक्याचे आहे, आणि मिश्र कापडात किती भाग कशाचा आहे हे तीवरून कळत नाही. तिसरा उपाय लेबल वाचण्याचा. त्यावर किती विसंबावे, हे सर्कल इकॉनॉमी या डच संस्थेने दाखवून दिले आहे: दहा हजारांहून अधिक कपडे यंत्रावर तपासले तेव्हा ४१ टक्के लेबले चुकीची निघाली.

आपल्याकडे तर प्रश्न त्याही आधीचा आहे. साडीला लेबल नसते. परकर, झंपर, शिंप्याकडून शिवून घेतलेला सदरा, कापड आणून शिवलेला गणवेश, पँटपीसची विजार, आईच्या साडीचा मुलीला शिवलेला ड्रेस, यांपैकी कशावरही घटक लिहिलेले नसतात. युरोपात आता प्रत्येक कपड्याला त्याची माहिती सांगणारा डिजिटल पासपोर्ट जोडण्याची तयारी चालू आहे. तो तेथे उपयोगी पडेलही. परंतु आमच्या शेडमध्ये पुढची अनेक वर्षे येणारे कपडे शिंप्यांनी शिवलेले आणि बिनलेबलाचेच असणार आहेत. म्हणून कपड्यावर काही लिहिलेले नसताना थेट कापडाला विचारणारे यंत्र युरोपपेक्षा आपल्याला अधिक गरजेचे आहे, असे माझे मत झाले आहे.

यंत्राचे तत्त्व समजायला अवघड नाही. त्यातला छोटा दिवा कापडावर प्रकाश टाकतो आणि परत आलेला प्रकाश यंत्र मोजते. हा प्रकाश डोळ्यांना दिसणाऱ्या लाल रंगाच्या पलीकडचा, म्हणजे निकट-अवरक्त असतो. हातातली बरीच यंत्रे साधारण ९०० ते १७०० नॅनोमीटर या पट्ट्यात काम करतात. प्रत्येक तंतूतील रासायनिक बंध या प्रकाशातील ठरावीक लहरी शोषून घेतात. कापसाच्या सेल्युलोजमधील ऑक्सिजन-हायड्रोजनचे बंध, पॉलिएस्टरच्या कड्यांतील कार्बन-हायड्रोजनचे बंध, लोकर, रेशीम आणि नायलॉन यांतील नायट्रोजन-हायड्रोजनचे बंध, यांची शोषून घेण्याची जागा वेगवेगळी असल्यामुळे प्रत्येकाचा आलेख निराळा उमटतो, आणि यंत्र तो आपल्याजवळच्या नमुन्यांच्या संग्रहाशी ताडून उत्तर देते. यात कापड कापावे लागत नाही, जाळावे लागत नाही, आणि उत्तर सुमारे एका सेकंदात मिळते.

एका सेकंदाच्या या आकड्याने मात्र कोणी हुरळून जाऊ नये. विक्रेत्याने दाखवलेल्या प्रात्यक्षिकात कपडे समोर घडी घालून ठेवलेले होते. प्रत्यक्षात गाठोड्यातून कपडा उपसायचा, उलगडायचा, अस्तर आहे का पाहायचे, शिवण, छपाई आणि गुंड्या टाळून सपाट जागा शोधायची, तेथे यंत्र टेकवायचे, उत्तर वाचायचे आणि कपडा योग्य पोत्यात टाकायचा, या सगळ्याला तपासणीच्या कितीतरी पट वेळ जातो. पहिले दोन आठवडे आम्ही यंत्र हातात धरून काम केले आणि त्यात एका बाईचा एक हात कायम अडकून राहिला. नंतर शेजारच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी पट्टीचा एक स्टँड करून घेतला, यंत्र त्यावर काच वर येईल असे उलटे बसवले आणि कपडाच त्यावर टेकवू लागलो. दोन्ही हात मोकळे झाले आणि कामाचा वेग लगेच वाढला. हातात धरायचे म्हणून विकले जाणारे हे यंत्र प्रतवारीच्या कामात टेबलावर बसवूनच वापरावे, ही माझी पहिली आणि आग्रहाची सूचना आहे.

रोज सकाळी यंत्राला सोबत आलेली पांढरी चकती दाखवून जुळणी करावी लागते आणि दुपारी एकदा पुन्हा करावी. शेडमध्ये कापडाची कूस सतत उडत असते, ती काचेवर बसते आणि उत्तरे बिघडू लागतात, म्हणून दर अर्ध्या तासाने काच मऊ फडक्याने पुसण्याची सवय लावावी लागली. बॅटरीबद्दल तक्रार नाही. ती एका पाळीला पुरते.

यंत्र जेथे उत्तम चालले तेथे त्याची मुक्तकंठाने प्रशंसा करायला हवी. स्वेटरांच्या ढिगात त्याने आमची अनेक वर्षांची चूक उघडी पाडली. ॲक्रिलिकचे सूत इतके मऊ आणि फुगीर काढतात की अनेक धुण्यांनंतरही ते हाताला लोकरीसारखेच लागते, आणि आम्ही ‘लोकर’ म्हणून बांधलेल्या गठ्ठ्यात बरेच ॲक्रिलिक जात होते. पानिपतचा व्यापारी भाव पाडून का घेत असे, याचा उलगडा पहिल्याच आठवड्यात झाला. आता लोकरीचा गठ्ठा वेगळा आणि ॲक्रिलिकचा वेगळा बांधला जातो, आणि लोकरीचा गठ्ठा लहान झाला असला तरी त्याचा भाव सुधारला आहे. साड्यांच्या बाबतीतही तसेच. सिल्क म्हणून आलेल्या साड्यांपैकी कोणती खरी रेशमी, कोणती व्हिस्कोजची आणि कोणती पॉलिएस्टरची, हे यंत्र निःसंशय सांगते. पदर आणि काठ टाळून अंगातल्या सपाट भागावर तपासणी केली, साडीची चारपदरी घडी घातली आणि खालचा फॉल मध्ये येऊ दिला नाही, म्हणजे झाले. ही घडीची गोष्ट महत्त्वाची आहे. कापड पातळ असले की प्रकाश आरपार जातो आणि यंत्र खालच्या टेबलाचेच वाचन करते. आमच्या हाताखालच्या सनमायकाला ते सुरुवातीचे काही दिवस निरनिराळी नावे देत होते.

आता उणिवांकडे वळते, आणि त्यांतील सर्वांत मोठी काळ्या रंगाची आहे. काजळीच्या जातीचे काळे रंगद्रव्य निकट-अवरक्त प्रकाश जवळजवळ पूर्णपणे गिळून टाकते. परत काहीच येत नाही, त्यामुळे यंत्राला ताडून पाहायला काही उरत नाही. सगळेच काळे कपडे असे नसतात. साध्या रंगाने रंगवलेला काळा सुती टी-शर्ट बहुतेक वेळा वाचला जातो, पण तंतू काढतानाच ज्यात रंगद्रव्य घातलेले असते असे पॉलिएस्टर आणि काळ्या शाईची दाट छपाई यांपुढे यंत्र हात टेकते. अशा वेळी आमचे यंत्र ‘ओळखता आले नाही’ असे प्रामाणिकपणे सांगते, चुकीचे उत्तर दडपून देत नाही, हा त्याचा गुण मी आवर्जून नोंदवते. परंतु लेगिंग, जीन्स, शाळेच्या पँटी, ट्रॅकसूट, जॅकेटे असा गडद कपड्यांचा वाटा आपल्याकडे मोठा आहे, आणि शेडच्या एका कोपऱ्यात न वाचलेल्या काळ्या कपड्यांची रास पाच महिन्यांत वाढतच गेली.

लायक्रा ही दुसरी अडचण. ताणणाऱ्या कपड्यात ती शंभरात चार-पाच भागच असते आणि पुष्कळदा तिच्याभोवती सुती तंतू गुंडाळलेला असतो, त्यामुळे पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशाला ती दिसतच नाही. यंत्र ‘कापूस’ म्हणते. पण तोच माल फाडणाऱ्या यंत्रात गेला की लायक्रा ताणली जाते, तापते आणि दातांत अडकते. यावर उपाय हाताचाच आहे. कपडा दोन्ही हातांनी ताणून सोडायचा. सरकन परत आला तर तो सुतीच्या पोत्यात जाऊ द्यायचा नाही. आमच्या बायकांना हे करायला यंत्राहूनही कमी वेळ लागतो.

पावसाळ्यात तिसरी अडचण आली. पाणी निकट-अवरक्त प्रकाश चांगलाच शोषते, आणि त्याच्या शोषणाची एक जागा सेल्युलोजच्या जागेजवळच, म्हणजे १४५० नॅनोमीटरच्या आसपास येते. जुलैत दमट आलेल्या गाठोड्यांतील पॉलिएस्टर-सुती कपड्यांची उत्तरे कापसाकडे झुकू लागली होती, आणि आम्हाला वाटले की यंत्र बिघडले. तसे नव्हते, कपडे वाळवून पुन्हा तपासले तेव्हा उत्तरे बदलली. तेव्हापासून पावसाळ्यात माल आधी दोरीवर आणि मगच यंत्राखाली, असा नियम आहे. ज्यांच्याकडे वाळवण्याची झाकलेली जागा नाही त्यांनी जून ते सप्टेंबर या महिन्यांचे भाडे भरण्यापूर्वी विचार करावा.

आणि मग तो ऑगस्टमधला दिवस. एक जाड, उबदार, आखूड बाह्यांचा सदरा यंत्राने तीन वेळा ‘कापूस’ म्हणून वाचला. आमच्याकडच्या सर्वांत जुन्या मावशींनी तो हातात घेतला, चिमटीत धरून चुरगाळला आणि मला हाक मारली. “ताई, हे यंत्र कापूस म्हणतंय, पण सुती असतं तर चुरगळलेलं असं लगेच उलगडलं नसतं. आतून बघा की.” सदरा उलटा करून आतली बाजू टेकवली तर उत्तर आले पॉलिएस्टर. विणतानाच वरच्या बाजूला सुती सूत आणि आतल्या बाजूला पॉलिएस्टरचे सूत येईल असे ते कापड विणलेले होते. प्रकाश पृष्ठभागाच्या फार आत जात नाही; जे वर आहे तेच त्याला दिसते. त्या दिवसापासून जाड विणीच्या प्रत्येक कपड्याची दोन्ही बाजूंनी तपासणी होते, आणि तसा कपडा कोणता हे यंत्र सांगत नाही, मावशी सांगतात.

मिश्र कापडातील प्रमाणाबद्दल थोडक्यात लिहिते. पॉलिएस्टर आणि कापूस यांचे प्रमाण यंत्र अंदाजे बरे सांगते, पण एकाच शर्टावर तीन ठिकाणी तपासले तर तीन थोडी वेगळी उत्तरे येतात, म्हणून काठावरचा माल, म्हणजे खरेदीदाराच्या अटीच्या अगदी जवळ येणारा, आम्ही त्या गठ्ठ्यात घालतच नाही. पॉलिएस्टर-व्हिस्कोजच्या पँटपीसांवर मात्र यंत्र वारंवार गोंधळले आणि व्हिस्कोजला कापूस म्हणाले. दोन्ही मूळचे सेल्युलोजच, तेव्हा त्यांतील भेद सूक्ष्म असतो हे खरे. तरीही शाळेचे गणवेश आणि कार्यालयीन विजारी यांच्या रूपाने हे कापड आपल्याकडे गाड्या भरभरून येते, आणि यंत्राच्या नमुनासंग्रहात त्याला पुरेशी जागा दिलेली नाही असे जाणवले. सुती आणि लिनन यांतही त्याला फरक करता येत नाही. आमच्या कामाला त्याने काही अडत नाही.

आता मोठ्या यंत्रांविषयी, कारण ‘हातातला स्कॅनर कशाला, थेट स्वयंचलित पट्टाच का नको’ असे एका देणगीदाराने विचारले होते. बेल्जियमच्या वाल्वन कंपनीचे फायबरसॉर्ट हे यंत्र याच निकट-अवरक्त तत्त्वावर चालते. युरोपीय संघाच्या आर्थिक साहाय्याने २०१६ पासून चाललेल्या प्रकल्पात त्याचा विकास झाला आणि नेदरलँड्समधील वील्यांड टेक्स्टाइल्सच्या प्रतवारी केंद्रात ते बसवले गेले. पट्ट्यावरून एकेक कपडा जातो, तंतू आणि रंग वाचला जातो, आणि कपडा आपापल्या पेटीत ढकलला जातो, तासाला सुमारे ९०० किलो या वेगाने. स्वीडनमध्ये माल्मो येथे सिसाव्ह या कचरा-व्यवस्थापन कंपनीने उभारलेले सिपटेक्स त्याहून मोठे आहे: तासाला साडेचार टन, वर्षाला २४,००० टन अशी त्याची क्षमता सांगितली गेली, आणि त्यात ओळख पटलेला कपडा हवेच्या झोताने बाजूला उडवला जातो. ही यंत्रे पाहून मन भरून येते. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणे सदस्य देशांना बंधनकारक झाले आहे, तेव्हा तेथे एवढ्या मोठ्या यंत्रांना पुरेल इतका माल एका जागी येऊ शकतो. आमच्याकडे दिवसाला येणारा माल अशा पट्ट्याला अर्धा तासही पुरणार नाही.

शिवाय वेगाने प्रतवारी केली म्हणजे माल खपतोच असे नाही. सुती कपड्यांपासून लगदा करणाऱ्या रिन्यूसेल या स्वीडिश कंपनीने सुंड्सवाल येथे मोठा कारखाना उभारला. तयार लगद्याला पुरेशी मागणी आली नाही आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी नव्या मालकाने ती घेतली आणि आता ती सर्क्युलोज या नावाने ओळखली जाते. या घटनेचा आमच्या निर्णयावर थेट परिणाम झाला. आम्ही आधी खरेदीदार ठरवला, त्याच्याकडून अट लेखी घेतली आणि नंतर यंत्र भाड्याने आणले. ज्या केंद्राकडे वर्गवार माल घेणारे गिऱ्हाईक नाही, त्याच्या शेडमध्ये हे यंत्र आले तर एका ‘मिक्स’ ढिगाचे आठ नीटनेटके ढीग होतील आणि आठही ढीग तेथेच पडून राहतील.

मागणी येथे तयार होणार नाही असे मात्र मला वाटत नाही. फॅशन फॉर गुड या संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतात दरवर्षी सुमारे ७८ लाख टन कापडाचा कचरा साठतो, आणि त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग घराघरांतून वापरून टाकलेल्या कपड्यांचा असतो. याच संस्थेने युरोपातील सहा देशांतील २१ टन टाकाऊ कपडे मॅटोहा या ब्रिटिश कंपनीच्या स्कॅनरने तपासले, तेव्हा त्यांतला ७४ टक्के माल यांत्रिक किंवा रासायनिक पुनर्चक्रीकरणाला योग्य आढळला. आपल्या ‘मिक्स’ ढिगाकडे मी आता त्याच नजरेने पाहते. नवी मुंबई महापालिकेनेही बेलापूरला वापरलेल्या कपड्यांचे केंद्र सुरू केले आहे आणि तेथेही हातातल्या स्कॅनरचा उपयोग होतो, हे वाचून आम्हाला आपण एकटे नाही असा दिलासा मिळाला.

यंत्र आले तेव्हा बायकांमध्ये धास्ती होती, आणि ती अनाठायी नव्हती. आम्ही त्याच दिवशी सांगितले की कोणाचेही काम जाणार नाही, आणि ते पाळले. पण प्रश्न कामाच्या मानाचाही होता. ज्यांनी बोटांच्या टोकावर पंचवीस वर्षे कापड ओळखले त्यांना एका यंत्राचे म्हणणे अंतिम मानायला लावणे चुकीचे ठरले असते, आणि सुरुवातीला मी नेमकी तीच चूक केली: यंत्र आणि हात यांत मतभेद झाला तर यंत्राचे ग्राह्य धरावे असा नियम केला होता. ऑगस्टमधल्या त्या सदऱ्यानंतर तो बदलला. आता मतभेद झालेला कपडा वेगळ्या टोपलीत जातो आणि शनिवारी दोरा जाळून त्याचा निकाल लावला जातो. स्वेटर आणि साड्यांत बहुधा यंत्र बरोबर ठरते. जाड विणीत, अस्तराच्या कपड्यांत आणि ताणणाऱ्या कापडात हात बरोबर ठरतो. घालण्याजोगा कपडा कोणता, डाग निघेल की नाही, कॉलर उसवली आहे की झिजली आहे, हे तर यंत्राला अजिबात कळत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी हाताने घालण्याजोगे काढून घ्यावे, मग हातानेच ताणणारे, अस्तराचे आणि ओले बाजूला करावे, आणि उरलेले यंत्राखाली घालावे. उलट क्रमाने काम केले तर अंगावर जाऊ शकणारा चांगला सदरा ‘कापूस शंभर टक्के’ असा शिक्का घेऊन फाडायला जातो. आमच्याकडून पहिल्या आठवड्यात तसे घडलेले आहे आणि त्याची हळहळ अजून आहे.

भाषेचा मुद्दा सांगितल्याशिवाय राहवत नाही. उत्तर मोबाइलच्या पडद्यावर इंग्रजीत येते. नऊपैकी दोघींना इंग्रजी अक्षरे वाचता येतात. बाकीच्यांसाठी आम्ही पडद्यावरच्या शब्दांच्या आकाराचे छापील तक्ते भिंतीवर लावले, प्रत्येकाशेजारी पोत्याच्या रंगाची पट्टी चिकटवली, आणि महिन्याभरात त्या सगळ्या तरबेज झाल्या. पण हे काम पुरवठादाराचे होते. हे यंत्र जगभरात जे हात वापरणार आहेत ते बहुतेक अशाच शेडमधले असणार, आणि त्यांना त्यांच्या लिपीत किंवा निदान रंगाच्या दिव्याने उत्तर मिळायला हवे.

भाडे आमच्या एका निवडणाऱ्या बाईच्या महिन्याच्या पगाराहून अधिक आहे. लोकरीच्या सुधारलेल्या भावाने आणि सुती गठ्ठ्यांच्या नव्या खरेदीदाराने ते भरून निघाले, पण पावसाळ्यात फारसे काही हाती उरले नाही. जेथे रोज दोन-तीनशे किलो न घालण्याजोगा माल येतो, वाळवायला झाकलेली जागा आहे आणि किमान दोन वर्गांच्या मालाला पक्के गिऱ्हाईक आहे, तेथे हे यंत्र मी निःशंकपणे सुचवेन. त्याहून लहान केंद्रांनी मिळून एक यंत्र घ्यावे आणि आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत. गृहसंकुलाने हौसेने घेण्याची ही वस्तू नाही.

आम्ही करार आणखी सहा महिन्यांसाठी वाढवला आहे. वाढवताना पुरवठादाराकडे दोन गोष्टी लेखी मागितल्या: पडद्यावर मराठी, आणि पॉलिएस्टर-व्हिस्कोजच्या आपल्याकडच्या कापडांचा नमुनासंग्रहात समावेश. दुसऱ्या मागणीसाठी मावशींनी स्वतः निवडून, दोरा जाळून खात्री करून, चाळीस पँटपीसांचे तुकडे पाकिटांत भरून दिले आहेत, आणि प्रत्येक पाकिटावर त्यांनी मराठीत कापडाचे नाव लिहिले आहे.